शाळेच्या अंगणातील पंढरी

आज देवशयनी एकादशी. आजपासून भगवान श्रीविष्णू क्षीरसागरात शेषशय्येवर योगनिद्रेचा स्वीकार करतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीस, प्रबोधिनीस, जागे होतात, असे आपली पुराणे सांगतात. परंतु ज्या तिथीला वैकुंठीचा देव निजतो, त्याच तिथीला पंढरीच्या देवाला मात्र निजायला सवड नसते. यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे देवाचा पलंग काढून ठेवतात. नित्याची शेजारती होत नाही, मंदिराचे दार अहोरात्र उघडे असते. वारी पुरी होऊन प्रक्षाळपूजा झाली म्हणजे मग देवाच्या पाठीला विसावा. वडील माणसांनी मुलांसाठी रात्र रात्र उभे राहावे, तसा तो उभा असतो. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेत गुंतून देवाला विटेवर तिष्ठत ठेवले ही कथा आपण सर्वजण जाणतोच. यंदा मात्र या उभे राहण्याचा निराळाच अर्थ मला एका शाळेच्या अंगणात उमगला. तो सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझी कन्या सोलापुरास असते. तिचा मुलगा पाच वर्षांचा, बालवर्गात जातो. एकादशीच्या आधी पाच दिवस त्याच्या शाळेत बालदिंडी होती. एकादशीस सुटी, म्हणून हल्ली बहुतेक शाळा हा सोहळा आधीच उरकून घेतात. आळंदी आणि देहू येथील दोन्ही पालख्या त्या सुमारास माळशिरस-अकलूजच्या वाटेवर असतात आणि आमच्या गावी मठ, धर्मशाळा झाडण्यासारवण्याची धांदल उडालेली असते. अशा वेळी मी सहसा पंढरपूर सोडीत नाही. पण नातवाने दूरध्वनीवर सांगितले, ‘‘आजोबा, मी विठोबा होणार आहे, तुम्ही या.’’ देवाचे बोलावणे कोणास टाळता येते? सकाळच्या एस.टी.ने गेलो.

शाळेच्या प्रांगणात दोनशे-अडीचशे बालके जमली होती. ज्यांनी हा सोहळा पाहिला आहे त्यांना वर्णन नको, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. इवलीशी धोतरे, ती सुटू नयेत म्हणून कमरेला करगोट्यावर घट्ट बांधलेली. डोईवरच्या टोप्या डोळ्यांवर उतरलेल्या. कपाळी गोपीचंदन आणि बुक्का, तोही बहुतांशी नाकावर ओघळलेला. गळ्यात टाळ. नऊवारी नेसलेल्या चिमुकल्या मुलींच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या कुंडीतील तुळस आणि ती पडू नये म्हणून दोन्ही हात वर. त्यामुळे नाक कोणी पुसायचे हा प्रश्न. पुठ्ठ्याच्या पालखीत ग्रंथराज ज्ञानेश्वरी ठेवलेली. एका बाईंनी ‘ज्ञानोबा-तुकाराम’ असा घोष सुरू केला, तेव्हा तो दोनशे कंठांनी दोनशे निरनिराळ्या स्वरांत उचलला. आयुष्यभर ज्याने सुरासाठी टाळकऱ्यांवर डोळे वटारले, त्या माझ्यासारख्याच्याही डोळ्यांत त्या बेसूर घोषाने पाणी आले.

कुंपणाच्या अलीकडे आईबापांची दाटी. कोणी कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला, कोणी कारखान्यातील पाळी बदलून. एक वडील तर तसेच गणवेशात, हातात शिरस्त्राण. प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी, आणि तो उंच धरलेला. शंभर हात वर गेलेले पाहून प्रथमदर्शनी मला गजरच चालला आहे असे वाटले! या यंत्राची निंदा मी करणार नाही. परगावी असलेल्या आजीला नातवाचे रूप दिसते, ही काही लहान गोष्ट नव्हे. एवढेच मनात आले की मूल दिंडीत चालताना गर्दीत आईचे डोळे शोधीत असते, आणि तिच्या डोळ्यांच्या जागी त्याला एक काळी चौकोनी काच दिसते.

मध्यभागी एका पाटावर विटकरी रंगाचा कागद लावून केलेली वीट. तिच्यावर आमचे विठोबा. अंगास काजळ-खोबरेलाचा रंग, कमरेस पिवळा कद, पुठ्ठ्याचा मुकुट, कानी पुठ्ठ्याचीच मकरकुंडले, गळ्यात खरी तुळशीची माळ. ती मात्र माझी, मीच पाठवली होती. शेजारी रखुमाई, वय वर्षे साडेचार, अत्यंत गंभीर. विठोबाने हात कमरेवर ठेवले. आद्य शंकराचार्यांच्या नावे जे पांडुरंगाष्टक आपण म्हणतो, त्यात या कटीवरील करांचा फार गोड अर्थ सांगितला आहे. देव आपल्या भक्तांना खुणेने सांगतो आहे की भिऊ नका, माझ्या माणसांना भवसागर एवढाच खोल आहे, कमरेइतका. सूत्रासारखा हा अर्थ मी शेकडो कीर्तनांत मांडला. त्या दिवशी विठोबाची कंबर माझ्या गुडघ्याच्या थोडी वर होती.

शिक्षिकाबाईंनी बालविठ्ठलाची आरती ओवाळली आणि मग आयांची रांग दर्शनाला लागली. येथे एक प्रसंग घडला, त्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. रखुमाईची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही कीर्तनकार आहात ना? पोटच्या पोरीच्या पाया पडावं का हो? सासूबाई म्हणतात, तिचं आयुष्य कमी होतं.’’

असा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जातो. म्हणून तिला जे सांगितले तेच येथे लिहितो. नवरात्रात आपण कुमारिकापूजन करतो तेव्हा कुमारिकेचे पाय धुतोच ना? काशीजवळ रामनगरच्या रामलीलेत जी मुले राम-लक्ष्मण-सीता होतात, त्यांना ‘स्वरूप’ म्हणतात आणि मस्तकी मुकुट असेतोवर मोठमोठे वयोवृद्ध त्यांना दंडवत घालतात. नमस्कार रूपाला असतो, त्यात अशुभ कोठून येणार? श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात तर प्रत्यक्ष देवकीने आपल्या नवजात बालकाची स्तुती केली आहे. चतुर्भुज, शंखचक्रधारी असे ते रूप पाहून तिने हात जोडले. पण लगेच तिने विनविले की हे अलौकिक रूप आता आवर. तिला लेकरू हवे होते. यशोदेचेही तेच. मातीखाऊ कृष्णाने मुख उघडले आणि तिला त्यात सारे ब्रह्मांड दिसले. क्षणभर ती तत्त्वज्ञानी झाली. पुढच्याच क्षणी भगवंताच्या मायेने ते सारे विसरली आणि त्याला पूर्ववत मांडीवर घेऊन बसली. भागवतकार येथे यशोदेला उणे लेखीत नाहीत, उलट तिच्या भाग्याचे वर्णन करून थकत नाहीत. तेव्हा मुकुट आहे तोवर खुशाल पाया पडा आणि मुकुट उतरला की नाक पुसा. एवढेच शास्त्र.

ती माउली हसली. तिने मुलीच्या पायांवर डोके ठेवले. रखुमाईने आईच्या केसांतील गजरा काढून घेतला.

वाचकहो, हे सर्व मी मोठ्या अधिकाराने सांगत होतो खरा. परंतु या विषयात माझा अधिकार किती, ते मलाच ठाऊक आहे. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या कन्येलाही.

गोष्ट 1994 सालची. ती तेव्हा सात वर्षांची. पंढरपुरातील तिच्या शाळेत आषाढीनिमित्त कार्यक्रम होता. कीर्तनकाराची मुलगी म्हणून तिच्याकडे छोटे कीर्तन सोपविले होते. नमन, एक पद आणि संत जनाबाईची लहानशी कथा, एकूण दहा मिनिटांचा मामला. मी पंधरा दिवस तिची तयारी करून घेतली. चिपळ्या कशा धराव्या, मागे कसे सरावे, श्रोत्यांकडे कसे पाहावे. नमन तर मी स्वतः रचून दिले होते. घरी ती अस्खलित म्हणे. तिचा आवाज कोवळा होता, पण लयीला पक्का. माझ्या मनाने तिला केव्हाच मोठ्या मंदिराच्या सभामंडपात नेऊन उभे केले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत, गावातील प्रतिष्ठितांच्या मध्ये, अंगावर उपरणे घेऊन बसलो. पोर उभी राहिली. नमनाचे दोन चरण झाले आणि तिची दृष्टी माझ्यावर पडली. ती थांबली. खरे तर थांबणे स्वाभाविक होते. एक श्वास घेतला असता की पुढचा चरण आला असता. पण मला तेवढा धीर नव्हता. मी बसल्या जागेवरून पुढचा शब्द सांगितला, आणि तोही सभेला ऐकू जाईल अशा कीर्तनी आवाजात. लोक हसले. तिने पुन्हा आरंभ केला, पुन्हा थांबली. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी तिने चिपळ्या खाली ठेवल्या आणि ती आत निघून गेली.

घरी परतताना मी तिला म्हणालो, ‘‘माझं नाव घालवलंस.’’

सात वर्षांच्या लेकराला! त्या रात्री मंडळी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे कीर्तन होते आणि उत्तररंगाला आख्यान दामोदरलीलेचे होते. यशोदेने कृष्णाला बांधण्यासाठी दोरी आणली, ती दोन बोटे कमी पडली. आणखी जोडली, पुन्हा दोनच बोटे कमी. भागवताच्या टीकाकारांनी सांगितले आहे की त्यातील एक बोट भक्ताच्या श्रमाचे आणि एक बोट भगवंताच्या कृपेचे. आई घामाने थबथबली, वेणीतली फुले गळून पडली, तेव्हा त्या लेकराला तिची दया आली आणि ते आपण होऊन बांधले गेले. मी हा प्रसंग असा रंगवला की बाया पदराने डोळे पुसू लागल्या. माझी मुलगी एरवी पहिल्या रांगेत बसायची. त्या दिवशी ती आली नव्हती.

पुढे ती पुष्कळ शिकली. आज महाविद्यालयात शिकवते, विद्यार्थ्यांसमोर तासन्‌तास बोलते. पण 1994 पासून आजतागायत तिने चारचौघांत एक पद म्हटलेले नाही. मी कधी विचारले नाही, तिने कधी सांगितले नाही. आमच्या घरात ही दोन बोटांची दोरी तशीच राहिली.

आपल्या मुलाला सभेत उभे राहिलेले पाहणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, हे आपल्या महाकवींना ठाऊक होते. रामायणाच्या उत्तरकांडातील प्रसंग स्मरा. अश्वमेध यज्ञाच्या मंडपात दोन कुमार वीणेच्या साथीवर रामकथा गाऊ लागतात. राजे, ऋषी, पंडित सारे स्तब्ध होतात. लोक कुजबुजतात की या मुलांच्या जटा आणि वल्कले सोडली तर हे आणि श्रीराम यांत अंतर ते काय! पहिल्या दिवशी वीस सर्ग होतात. राम प्रसन्न होऊन अठरा सहस्र सुवर्णमुद्रा देऊ करतात. मुले म्हणतात, आम्ही कंदमुळांवर राहणारे वनवासी, आम्हाला सोने कशाला? हे बक्षीस ज्याने देऊ केले तो त्यांचा पिता आहे, हे त्यांना माहीत नाही. ही आपली मुले, हे त्यालाही अजून माहीत नाही. आपल्या मराठी घरांत हा प्रसंग माडगूळकरांच्या लेखणीने आणि सुधीर फडक्यांच्या स्वरांनी कायमचा वस्तीला आला. 1955 च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाचा आरंभ झाला, तो याच लवकुशांच्या गायनाने. वर्षभरात छप्पन्न गीते झाली, पण पुष्कळांच्या कानांत आजही प्रथम तेच गायन उमटते.

मी या प्रसंगावर कीर्तने केली, ती सर्व लवकुशांच्या बाजूने. मुले किती धीट, किती पाठ! आता साठी उलटल्यावर माझे लक्ष रामाकडे जाते. तो ऐकतो. मध्ये बोलत नाही. ती कथा त्याची स्वतःची आहे. कोठे काय चुकले ते त्याच्याइतके कोणास कळणार? तरी तो सर्गामागून सर्ग ऐकत राहतो. कालिदासाच्या दुष्यंतालाही मुलगा पाहायला मिळतो तो असाच अनोळखी म्हणून. मारीच ऋषींच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारा सर्वदमन पाहून त्याला वाटते की लेकरांच्या अंगावरच्या धुळीने ज्यांची अंगे मळतात ते आईबाप धन्य. आपला आहे हे कळण्यापूर्वी मूल नुसते पाहता येते. आपला म्हटला की त्याच्यावर आपले नाव लिहिलेले दिसू लागते, आणि मग ते नाव पुसट होईल की काय ही धास्ती.

एस.टी.तून उतरल्यावर मी कन्येला पहिला प्रश्न विचारला होता, ‘‘त्याची तयारी करून घेतलीस ना? काय म्हणणार आहे तो?’’

ती म्हणाली, ‘‘अण्णा, त्याला काही म्हणायचं नाहीये. विठोबा कुठं बोलतो?’’

मी निरुत्तर झालो.

तर दर्शनाची रांग लांबली. ऊन चढले. छोटे रिंगण व्हायचे होते. बाहुलीच्या घोड्याला चाके लावून दोन मुले तो ओढत होती, आणि एक चाक निखळल्यामुळे सारेच खोळंबले. विठोबाचे हात कमरेवरून घसरू लागले. एक हात नाकाकडे गेला. रंग ओघळून ओठांवर आला, त्याची चव घेऊन झाली. मग ते गर्दीत कोणाला तरी शोधू लागले. आणि मग, वाचकहो, श्रीविठ्ठल विटेवर सरळ मांडी घालून बसले.

एकच हशा पिकला. बाईंनी खुणा केल्या. कोणीतरी ओरडले, ‘‘अरे, उभा राहा!’’ आणि माझेही तोंड उघडले होते. तोच कीर्तनी आवाज कंठापर्यंत आला होता. इतक्यात माझ्या दंडावर हात पडला. माझ्या मुलीचा. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. हात नुसता ठेवला आणि तसाच राहू दिला. मग ती खांबाआडून दोन पावले पुढे झाली, तिने भ्रमणध्वनी पिशवीत टाकला आणि त्याला दिसेल अशी उभी राहिली. हाक नाही, खूण नाही. तोही तिच्याकडे पाहू लागला. हसला. मुकुट एका कानावर आला होता तो त्याने सरळ केला आणि बसल्या बसल्याच दोन्ही हात पुन्हा कमरेवर ठेवले.

तेवढ्यात चाक बसले आणि घोडा धावला. मुले ‘राम कृष्ण हरी’ म्हणत रिंगणात शिरली आणि बसलेल्या विठोबाकडे पाहायला कोणाला सवडच उरली नाही. ती मात्र तशीच उभी होती. अर्धा तास तरी उन्हात, हलली नाही. बसला होता तो विठोबा, आणि उभी होती ती त्याची आई.

सायंकाळी मला परतीची गाडी धरायची होती. पावसाची एक सर आली म्हणून थोडा थांबलो. आत न्हाणीघरात मुलाच्या अंगचा रंग काढण्याचे काम चालले होते. तेल लावायचे, मऊ फडक्याने पुसायचे, पुन्हा तेल. पोर कुरकुरत होते. मी ओसरीवर पिशवी भरत होतो. तेव्हा आतून ऐकू आले. ती त्याला गप्प ठेवण्यासाठी काहीतरी गुणगुणत होती. प्रथम मला चाल ओळखू आली नाही, ती पाळण्याच्या चालीवर म्हणत होती. मग शब्द कळले. 1994 सालचे ते नमन. तिने ते कुठेतरी जपून ठेवले होते.

मी पिशवी खाली ठेवली. दाराशी गेलो नाही. दोन चरण झाले, जेथे ती तेव्हा थांबली होती तेथे आली, आणि तशीच पुढे गेली. तिसऱ्या चरणात तिने माझा एक शब्द बदलून घेतला होता.

गाडी चुकली. पुढची रात्री नऊला होती.